विश्लेषण : हायब्रिड गाडीचे टायर बदलताच मायलेज का घटते? उत्तर जॉन डनलॉप यांच्या अंगणात!

महाडहून नाते, कोंझर, पाचाड करत गाडी हिरकणीवाडीत पोहोचते. रायगडाच्या रोप-वेच्या रांगेत उभे राहण्याआधी अनेक चालकांची नजर डॅशबोर्डवरील एका आकड्याकडे जाते, लिटरला किती पडले? मुंबई-पुण्याहून येथे येणाऱ्या गाड्यांमध्ये आता हायब्रिड गाड्याही असतात आणि त्यांच्या मालकांचे या आकड्यावर जरा जास्तच प्रेम असते. साहजिक आहे, गाडी घेताना जादा पैसे त्यासाठीच मोजलेले असतात. साधारण ४०-५० हजार किलोमीटरनंतर कंपनीने दिलेले टायर झिजतात, नवा संच बसतो आणि हा आकडा लिटरमागे एक-दोन किलोमीटरने खाली येतो. मग संशय बॅटरीवर जातो, पेट्रोल पंपावर जातो, सर्व्हिस सेंटरवर जातो. टायरकडे तो सर्वांत शेवटी वळतो. वास्तविक हवेचा टायर जन्मला तोच चाक किती सहज पुढे जाते या प्रश्नातून. ज्यांच्या हातून तो व्यवहारात आला, ते जॉन बॉइड डनलॉप ना इंजिनीअर होते ना कारखानदार. ते गुराढोरांचे डॉक्टर होते.

डनलॉप कोण होते?

जन्म ५ फेब्रुवारी १८४०, स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावातल्या शेतकरी कुटुंबात. एडिनबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे मायदेशी काम केले आणि १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. भाऊ जेम्स यांच्यासह डाउनपॅट्रिक येथे दवाखाना चालवला, पुढे बेलफास्ट शहरातील मे स्ट्रीटवर स्वतःचा व्यवसाय उभा केला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी विवाह झाला. एक मुलगी, एक मुलगा. १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गणला जात होता. म्हणजे ज्या वयात माणूस स्थिरस्थावर होऊन नव्या उचापती टाळतो, त्या सत्तेचाळिसाव्या वर्षी डनलॉप यांनी रबराची नळी हाती घेतली. रबर हाताळण्याची सवय त्यांना व्यवसायातून होतीच.

निमित्त घरातलेच होते. मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत असे. बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे आणि सायकलची चाके टणक. प्रत्येक दगडाचा दणका थेट अंगात बसायचा.

अंगणातील चाचणी

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी लाकडाची एक गोल तबकडी घेतली, सुमारे ९६ सेंटीमीटर व्यासाची. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती कडेने बसवली, वरून कापड घालून खिळ्यांनी पक्की केली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग घराच्या आवारात दोन चाके घरंगळत सोडली. एक जॉनीच्या सायकलचे टणक चाक, दुसरे हे हवेचे. टणक चाक थोडे अंतर जाऊन थांबले. हवेचे चाक आवार ओलांडून गेले, फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलट फिरले.

या चाचणीत गादीसारखे बसणे, आराम, दणके यांचा विचारच नव्हता. तपासले गेले ते एवढेच की सारखाच धक्का दिल्यावर कोणते चाक लांब जाते. आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत फिरत्या लोखंडी पिंपावर टायर दाबून जे मोजतात, ते हेच. त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे चाक फिरताना होणारा विरोध. एक टन वजन सपाट रस्त्यावर पुढे सरकवत ठेवायला किती किलोचा जोर लागतो, असे त्याचे मोजमाप. युरोपात टायरवर जे लेबल लावतात, त्यात टनामागे साडेसहा किलो किंवा त्याहून कमी जोर लागणाऱ्या कारच्या टायरला ‘ए’ श्रेणी मिळते, तर १०.६ किलो किंवा त्याहून जास्त लागला तर ‘ई’.

हा जोर जातो कुठे? रबराचा चेंडू वरून सोडला तर तो तेवढाच उंच परत येत नाही, थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरात मुरते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक फेरीत दबतो आणि सुटतो. दर किलोमीटरला हे चारशे-पाचशे वेळा घडते. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि ती भरून काढायला इंधन जळते. लांबचा प्रवास झाल्यावर टायरला हात लावला तर तो गरम लागतो, ते याच इंधनाचे ऊन.

मग टणक चाकच बरे, असे वाटेल. पण खडबडीत रस्त्यावर टणक चाक प्रत्येक उंचवट्यावर अख्खी गाडी उचलते आणि ती ऊर्जा आपटण्यात वाया जाते. हवेचा टायर उंचवटा पोटात घेतो आणि बहुतेक जोर परत देतो. डनलॉप यांच्या अंगणात दिसला तो हाच फरक.

जाड टायरचे हसू आणि शर्यतीचा निकाल

तीनचाकीनंतर डनलॉप यांनी सायकलसाठी मोठे टायर केले आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. तरीही शहाण्यासुरत्या सायकलपटूंना ते पटेना. वेगाने जायचे तर टायर सडपातळ आणि टणक हवा, ही तेव्हाची ठाम समजूत. हवेने फुगलेले जाड टायर पाहून हसणारे पुष्कळ होते. बेलफास्टच्या क्रूझर्स सायकल क्लबचा कर्णधार विली ह्यूम याने मात्र असे टायर लावलेली सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो त्यावर उतरला आणि शर्यती जिंकत सुटला. पुढे इंग्लंडमध्ये लिव्हरपूललाही तेच झाले. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे कागद व्यापारी हार्वे डू क्रॉस यांचे मुलगे होते. बापाने मुलांच्या पराभवाचे दुःख करत बसण्याऐवजी टायर नीट पाहिला. पुढची कंपनी त्यातून उभी राहिली.

टायर डोळ्यांनी निवडता येत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. दुकानात आजही तीच चूक उलट दिशेने होते. तेव्हा सडपातळ टायर वेगवान वाटत, आता रुंद टायर भारी वाटतो. मूळ २१५ मिलीमीटर रुंदीच्या जागी २२५ किंवा २३५ बसवून गाडी रुबाबदार दिसते खरी, पण बहुधा वजन वाढते, वारा जास्त अडतो आणि हायब्रिडसाठी मोजलेल्या जादा पैशांचा काही भाग रस्त्यावर सांडतो.

पेटंट कसे गेले?

डू क्रॉस यांच्याशी हातमिळवणी करून डनलॉप यांनी आपले हक्क नव्या कंपनीला दिले, बदल्यात काही रोख आणि थोडे समभाग घेतले. १८९० मध्ये वीज कोसळावी तशी बातमी आली. पेटंट अवैध ठरले होते, कारण हा शोध आधीच लागला होता. स्कॉटलंडच्याच स्टोनहेवन गावचे रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, घोडागाडीसाठी हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात त्यांनी ते चालवूनही दाखवले. थॉमसन यांनी तर गाडी ओढायला लागणारा जोर मोजला होता. साध्या चाकांच्या तुलनेत तो चांगल्या रस्त्यावर सुमारे ३८ टक्के आणि फोडलेल्या खडीवर सुमारे ६८ टक्के कमी भरला. एवढे आकडे हाती असून शोध विसरला गेला, कारण चांगले पातळ रबर महाग होते आणि घोड्याचे श्रम वाचवायला कोणी एवढे पैसे देईना. डनलॉप यांचे नशीब असे की त्यांचा टायर आला तेव्हा सायकलची लाट उसळत होती आणि सायकलवर श्रम माणसाचेच होते.

कंपनी तगली ती डू क्रॉस यांच्या व्यापारी डोक्यामुळे. टायर चाकावरून काढता-घालता यावा, हवा भरायची झडप नीट असावी, यासाठी इतरांची पेटंटे मिळवली गेली. (भारतातील साध्या सायकलच्या ट्यूबला असणारी झडप आजही जगभर डनलॉपच्या नावाने ओळखली जाते, ती मुळात वुड्स नावाच्या माणसाची.) १८९२ मध्ये डनलॉप यांनी दवाखाना बंद केला आणि ते डब्लिनला गेले. १८९५-९६च्या सुमारास ते कंपनीतूनही बाहेर पडले. १८९६ मध्येच डू क्रॉस यांनी ती ३० लाख पौंडांना विकली आणि घेणाऱ्याने ५० लाख पौंडांना बाजारात आणली. या पैशांत नाव डनलॉप यांचे होते, वाटा जवळजवळ नव्हता.

हायब्रिडला टायरचा फरक जास्त का जाणवतो?

साध्या पेट्रोल गाडीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णता होऊन जातो. हायब्रिडमध्ये त्यातला बराच भाग मोटरमार्फत बॅटरीत परत येतो, सिग्नलला इंजिन बंद राहते आणि चालते तेव्हाही ते सोयीच्या गतीला चालते. इतर गळत्या अशा बुजल्या की उरलेल्या गळत्या ठळक होतात. टायरमध्ये मुरलेली उष्णता कोणतीही मोटर परत मिळवू शकत नाही. मारुती ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडला प्रमाणित २७.९७ किलोमीटर मायलेज मिळाले, ते कंपनीने निवडलेल्या टायरवर. कारखान्यातून येणारा टायर बहुतेक वेळा इंधन बचतीसाठी खास बेतलेला असतो. त्याच नावाचा, त्याच साइझचा बाजारातील टायर आतून तसाच असेल असे नाही.

दुसरे कारण साधे आहे. झिजलेला टायर कमी इंधन खातो. त्यावर रबर कमी उरलेले असते, म्हणजे दबणारे आणि तापणारेही कमी. त्यामुळे मालकाच्या मनात घर करून बसलेला शेवटच्या महिन्यांतला आकडा हा जुन्या टायरचा सर्वोत्तम काळ असतो. नव्या टायरची तुलना त्याच्याशी केली की तो हरणारच.

तिसरे कारण तर निव्वळ मोजणीचे. गाडी अंतर मोजते चाकाच्या फेऱ्यांवरून. २१५/६० आर १७ या साइझच्या टायरचा व्यास सुमारे ६९० मिलीमीटर असतो. नक्षी आठ मिलीमीटरवरून दोनवर आली की व्यास १२ मिलीमीटरने घटतो. छोटे चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेते, गाडी जास्त किलोमीटर दाखवते आणि मायलेज फुगते. नवे टायर लावताच हा फुगा दीड-पावणेदोन टक्क्यांनी बसतो. यात पेट्रोलचा एक थेंबही जादा जळालेला नसतो. त्यामुळे टायर बदलल्यावर पहिले दोन-तीन हजार किलोमीटर तरी निकाल जाहीर करू नये.

खरा फरक किती? ढोबळ नियम असा की रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी घटला तर इंधन एक ते दोन टक्क्यांनी वाचते. टनामागे दहा किलोच्या टायरऐवजी आठ किलोचा घेतला, तर बचत दोन ते चार टक्के. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी ४० हजार किलोमीटरमध्ये दोन हजार लिटर पेट्रोल पिते. तीन टक्के धरले तर ६० लिटर, शंभर रुपये भावाने सहा हजार रुपये. चार टायरच्या संचामागे जादा किंमत याहून कमी असेल तर सौदा फायद्याचा, जास्त असेल तर नाही.

घाटात मात्र हिशेब बदलतो

कोंझरनंतर पाचाडकडे रस्ता चढू लागतो. टनामागे दहा किलोच्या टायरचे उदाहरण घेतले, तर गाडी १०० मीटर उंच चढवायला लागणारी ऊर्जा सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर टायरपायी जाणाऱ्या ऊर्जेएवढी असते. म्हणजे रायगड, वरंधा किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात मायलेज ठरवतो तो चढ, टायरचा वाटा किरकोळ. येथे टायरचे काम वेगळेच असते. या पट्ट्यात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. डांबरावर पाण्याचा थर, कडेची लाल माती वळणावर वाहून आलेली आणि समोरून लाल डबा.

रात्री बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीच्या कथेवरून या वाडीचे नाव पडले, असे मानतात. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे या भागात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. हायब्रिड गाडी उतारावर मोटरने वेग धरते, बॅटरी भरते. बॅटरी भरली की ते काम इंजिन आणि ब्रेककडे येते. काहीही असले तरी गाडी शेवटी थांबते ती तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर.

आणि येथेच जुनी ओढाताण आहे. कमी इंधनासाठी रबराने ऊर्जा मुरवू नये, ओल्या रस्त्यावर पकड घेण्यासाठी मात्र ती मुरवावी. फार काळ टायर कंपन्यांना एक सोडून दुसरे घ्यावे लागे. १९९२ मध्ये मिशेलिनने टायरच्या रबरात काजळीऐवजी सिलिका वापरून ही कोंडी बरीचशी फोडली. आज चांगला टायर दोन्ही बाबतींत बरा असू शकतो. स्वस्त टायर मात्र अनेकदा इंधन वाचवतो तो ओल्या रस्त्यावरची पकड विकून. भारतात एआयएस-१४२ या मानकाने रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा ठरवल्या, आधीपासून बाजारात असलेल्या टायरना पहिल्या दोन मर्यादा एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची टायरसाठीची स्टार योजना मात्र ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आणि ते तारे इंधनाबद्दल बोलतात, पावसाबद्दल नाही. कोकणात फिरणाऱ्याने दुकानात दोन्ही प्रश्न विचारावेत आणि दोन टायर तुल्यबळ वाटले तर ओल्या रस्त्यावर चांगला ठरणारा घ्यावा. सहा हजार रुपये वाचवण्यासाठी घाटातले दोन-चार मीटर गमावण्यात शहाणपण नाही.

कायद्याने कारच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपर्यंत चालते, पण धो धो पावसात तीन मिलीमीटरखालचा टायर पाणी नीट बाजूला सारू शकत नाही. म्हणून या पट्ट्यातील चालकाने टायर जूनआधी पाहावेत. साइझ मूळचीच ठेवावी, तिच्या पुढचा वजन पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा, कारण बॅटरी आणि मोटरमुळे हायब्रिड जड असते. बाजूवर छापलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ते दुकानदारासमोरच वाचावेत. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावावेत. पुढची चाके गाडी ओढतात म्हणून नवे पुढे, असा आग्रह अनेक जण धरतात, पण ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे कठीण असते.

हवेचे काय? फुकटातले मायलेज तेवढेच आहे. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी झाली तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते, असा अमेरिकी सरकारी अंदाज आहे. पाच-सहा पीएसआय कमी हवेने फिरणाऱ्याने महागडे टायर घेऊन मिळवलेल्या बचतीचा बराच भाग तिथेच गमावलेला असतो. दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे भरावा आणि टायर थंड असताना तपासावा. नायट्रोजनने मायलेज वाढते, हा बहुतांशी विक्रीचा भाग.

नाव राहिले, माणूस बाजूला

डनलॉप यांचे उरलेले आयुष्य डब्लिनमध्ये गेले. एका कापड दुकानाच्या धंद्यात त्यांचा हिस्सा होता. टायर कंपनी मात्र त्यांचा दाढीवाला चेहरा व्यापारचिन्ह म्हणून वापरत राहिली. पुढे जाहिरातींत तो चेहरा उंच टोपी, पांढरे जाकीट, हातात छडी अशा नटव्या म्हाताऱ्याच्या धडावर बसवला गेला. साध्या राहणीच्या डनलॉप यांना ही थट्टा सहन झाली नाही. आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध ते न्यायालयात गेले आणि तो वाद लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. तेव्हा त्यांनी ऐंशी गाठली होती. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. डब्लिनजवळच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

कंपनीचा कारखाना पुढे बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये आला. मोटारींबरोबरच बैलगाडीसाठीही हवेचे टायर आले आणि लाकडी, लोखंडी धावेच्या चाकांपेक्षा गाडी हलकी चालू लागली. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीला आजही डनलॉप गाडी म्हणतात, मग तिचे टायर कोणत्याही कंपनीचे असोत.